‘मन लागत नाही’ : साथीच्या काळातील वृद्धांचे नैराश्य आणि मराठी शब्दव्यवहार

१. प्रास्ताविक

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये भारतातील वार्धक्याची एक मोठी पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींशी बोलून सिद्ध झालेला तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अहवालातील दोन आकडे भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावेत असे आहेत. लक्षणांविषयी पद्धतशीर प्रश्न विचारले तेव्हा साठीपुढील व्यक्तींपैकी ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्य संभवते असे आढळले. ‘आपल्याला नैराश्याचा विकार असल्याचे निदान झाले आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र केवळ ०.८ टक्के होते. म्हणजे दहा दुःखी माणसांपैकी जेमतेम एकाच्या दुःखाला नाव मिळाले होते. उरलेल्या नऊ जणांचे दुःख घरात, अंगणात, देवळाच्या पायरीवर निनावी वावरत होते.

ही पाहणी कोविड-१९ च्या साथीपूर्वीची आहे. साथ येण्याआधीच हे अंतर एवढे मोठे होते, ही बाब प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. वैद्यकीय सोयींचा अभाव, खर्च, मानसोपचाराविषयीचा संकोच ही या अंतराची कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु आणखी एक कारण भाषेत दडलेले आहे. दुःख सांगणाऱ्याचे शब्द आणि ते ऐकणाऱ्याची समज यांमध्ये काही अंतर पडते काय, वृद्धाच्या खिन्नतेला मराठी समाज कोणत्या नावांनी ओळखतो आणि कोणत्या नावांखाली झाकतो, साथीच्या काळात या शब्दव्यवहारात कोणता पालट झाला, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार वैद्यकीय निदानाची जागा घेऊ शकत नाही आणि तसा त्याचा हेतूही नाही. निदानाच्या अलीकडे जे ऐकणे असते, त्या ऐकण्याशी त्याचा संबंध आहे.

२. साथीचा काळ आणि ‘वृद्ध’ हा वर्ग

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. २५ मार्चपासून भारतभर टाळेबंदी लागू झाली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मे २०२० च्या आदेशात पासष्ट वर्षांवरील व्यक्ती, सहव्याधी असलेल्या व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांनी अत्यावश्यक गरजा आणि औषधोपचार यांखेरीज घराबाहेर पडू नये, असे म्हटले होते. वैद्यकीय दृष्ट्या या सूचनेला आधार होता. वाढत्या वयाबरोबर या रोगाचा धोका वाढतो, हे तोवर स्पष्ट झाले होते. तथापि एका वाक्यात वृद्ध आणि लहान मूल शेजारी शेजारी आले. कालपर्यंत घराचा कर्ता असलेला, सोसायटीच्या सभेत बोलणारा, नातवंडाला शाळेत सोडणारा माणूस एका दिवसात जपून ठेवण्याची वस्तू झाला. ज्याच्यासाठी इतरांनी काळजी घ्यावी, पण ज्याने स्वतः कोणासाठी काही करू नये, अशी त्याची नवी जागा ठरली.

या काळात वृद्धांच्या दिनक्रमातून काय काय वजा झाले, याचा हिशेब मांडल्यास तो लहानसहान गोष्टींचाच निघतो. सकाळचे फिरणे, कट्ट्यावरील मंडळी, ग्रंथालयाची फेरी, भजनी मंडळ, गावाकडे पार आणि आठवड्याचा बाजार. मुंबई-पुण्यात मार्च-एप्रिल २०२० मध्ये काही काळ घरपोच वृत्तपत्रही बंद पडले. महाराष्ट्रातील देवळे मार्च २०२० मध्ये बंद झाली. ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजी उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. तरुणांच्या दृष्टीने या गोष्टी फावल्या वेळच्या होत्या. निवृत्त माणसाच्या दृष्टीने मात्र त्या दिवसाला आकार देणाऱ्या होत्या. कार्यालयाची वेळ संपल्यावर उरलेल्या आयुष्याला वेळापत्रक देण्याचे काम याच गोष्टी करीत होत्या.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. साथीत सर्वच वृद्ध खचले, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. साथीच्या पहिल्या काही महिन्यांत अमेरिकेसारख्या देशांत झालेल्या पाहण्यांत पासष्टीपुढील लोकांनी चिंता आणि नैराश्य यांची तक्रार तरुणांपेक्षा पुष्कळच कमी केली होती. दीर्घ आयुष्यात टंचाई, मृत्यू, स्थलांतर पाहिलेल्या माणसाजवळ धीराचा साठा असतो, हे त्याचे एक स्पष्टीकरण देण्यात आले. ते ग्राह्यही आहे. परंतु त्याबरोबर दुसरी शक्यताही तपासून पाहिली पाहिजे. ज्या पिढीला मनाच्या दुखण्याविषयी बोलण्याची सवयच नव्हती, ती पिढी प्रश्नावलीतील प्रश्नांना कसे उत्तर देईल? ‘लासी’च्या दोन आकड्यांमधील अंतर भारतापुरता तरी हा प्रश्न उपस्थित करते.

३. ‘उदास’ या शब्दाचा दुहेरी व्यवहार

इंग्रजीतील ‘डिप्रेशन’ या संज्ञेसाठी मराठीत आज ‘नैराश्य’ हा शब्द रूढ आहे. हा शब्द आशेच्या अभावाकडे निर्देश करतो. याच अर्थच्छटांच्या जवळ ‘विषाद’, ‘खिन्नता’, ‘औदासीन्य’, ‘विमनस्कता’ हे शब्द येतात. हे सर्व शब्द ग्रंथभाषेतील आहेत. सत्तरी ओलांडलेली स्त्री आपल्या सुनेला ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा सांगत नाही. निदानाचा शब्द एका थरावर आणि अनुभवाचा शब्द दुसऱ्या थरावर, अशी ही स्थिती आहे.

बोलीत उतरलेला आणि सर्वांच्या तोंडी असलेला शब्द म्हणजे ‘उदास’. पण या शब्दाला मराठी परंपरेत दोन वाटा फुटलेल्या आहेत. व्यवहारात ‘उदास वाटते’ म्हणजे खिन्न वाटते. संतवाङ्मयात मात्र ‘उदास’ आणि ‘उदासीन’ हे शब्द अनेकदा गुणवाचक आहेत. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘उदासीन’ असणे हे भक्ताचे लक्षण म्हणून सांगितले आहे. तुकारामांच्या अभंगांतही ‘उदास’ हा शब्द निर्लोभ, अलिप्त वृत्तीच्या अर्थाने येतो. आश्रमव्यवस्थेतील वानप्रस्थाची कल्पना आणि वारकरी संप्रदायातील विरक्तीचा आदर यांमुळे वृद्धाने हळूहळू संसारातून मन काढून घेणे हे मराठी मनाला स्वाभाविक वाटते. एवढेच नव्हे, तर ते इष्टही वाटते.

प्रश्न येथेच उद्भवतो. आवडत्या गोष्टींतील रस नाहीसा होणे हे नैराश्याच्या प्रमुख लक्षणांपैकी एक आहे. परंतु सत्तरीतल्या माणसाने ‘आता कशातच रस उरला नाही’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात आजाराची शंका येण्याऐवजी आदर उत्पन्न होतो. ‘आजोबा अगदी विरक्त झाले आहेत’ असे कौतुकाने सांगितले जाते. ज्याला रोगाचे चिन्ह मानावयास हवे, तेच परिपक्वतेचे चिन्ह ठरते. विरक्ती आणि नैराश्य यांत वस्तुतः मूलभूत भेद आहे. विरक्ताने जे सोडले ते स्वतः होऊन सोडलेले असते. त्याच्या सोडण्यात मोकळेपणा असतो, आणि इतरांविषयीचा जिव्हाळा त्यात आटत नाही. नैराश्यग्रस्ताच्या हातून गोष्टी सुटतात. त्या सुटण्यात थकवा असतो आणि बहुधा स्वतःविषयीचा कमीपणा असतो. दोघेही खिडकीशी शांत बसलेले दिसतील. पाहणाऱ्याला ते सारखेच दिसतात, आणि ‘उदास’ हा शब्द दोघांनाही लागू पडतो.

साथीने या संदिग्धतेत भर घातली. घरात बसणे, भेटीगाठी टाळणे, बाहेरच्या जगातून अंग काढून घेणे हीच त्या काळात योग्य वर्तणूक होती. एरवी एखादे आजोबा महिनाभर घराबाहेर पडले नसते, तर शेजारी चौकशीला आले असते. २०२० च्या उन्हाळ्यात त्यांचे न दिसणे हे शहाणपणाचे लक्षण मानले गेले. परंपरेने अलिप्ततेला सद्गुण ठरविले होते, शासनाने तिला कर्तव्य ठरविले. या दोहोंच्या मध्ये आजारी माणसाची अलिप्तता दिसेनाशी झाली.

४. देहाच्या भाषेतील मन

मराठीत मनाची दुखणी मोठ्या प्रमाणावर देहाच्या भाषेत सांगितली जातात. ‘जिवाला चैन नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अन्नावरची वासना उडाली’, ‘डोळ्याला डोळा लागत नाही’, ‘हातपाय गळाले’, ‘छातीत धडधडते’, ‘तोंडाला चव नाही’ ही वाक्ये नमुन्यादाखल घेता येतील. यांतील ‘जीव’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. तो प्राण, मन, देह आणि माया या सर्वांना एकत्र धरतो. ‘जीव लागत नाही’ असे म्हणणारी व्यक्ती आपले दुखणे मनाचे की शरीराचे, अशी विभागणी करीत नाही. ती विभागणी ऐकणाऱ्याला करावी लागते.

वैद्यकातही या प्रश्नाची जाणीव आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी येसावेज आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत वृद्धांसाठी नैराश्यमापनाची एक स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यावयाचे तीस प्रश्न तिच्यात होते. पुढे तिची पंधरा प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती प्रचारात आली. झोप, भूक, अंगदुखी यांसारख्या शारीरिक तक्रारी तिच्यात हेतुतः टाळलेल्या आहेत. अशा तक्रारी वार्धक्यामुळेही उद्भवतात, त्यामुळे त्यांच्यावरून नैराश्याचा निर्णय करणे धोक्याचे, ही त्यामागील भूमिका तर्कशुद्ध आहे. पण मराठी वृद्धाच्या बाबतीत येथे एक पेच निर्माण होतो. जी भाषा प्रश्नावलीने विश्वसनीय नाही म्हणून बाजूला ठेवली, नेमक्या त्याच भाषेत तो आपले मन सांगत असतो. म्हणून केवळ प्रश्नावलीचे भाषांतर पुरेसे होत नाही. उत्तरामागील वाक्प्रचारही वाचता यावा लागतो.

साथीच्या काळात ही देहभाषा आणखी एका कारणाने अडचणीत आली. चव आणि वास जाणे, दम लागणे, अंग गळून जाणे ही कोविड-१९ ची लक्षणे म्हणून सर्वतोमुखी झाली. ‘तोंडाला चव नाही’ हे पिढ्यान्‌पिढ्या अरुचीचे, उबगाचे आणि दुःखाचे असलेले वाक्य एकाएकी संसर्गाची वर्दी ठरले. पुढील संवाद कोणा एका घरातला नाही. त्या दिवसांत अनेक घरांत घडू शकला असता असा तो एक रचलेला नमुना आहे.

‘आई, दोन घास तरी खाऊन घ्या ना.’
‘नको गं. तोंडाला चवच नाही.’
‘चव नाही? वास येतोय ना तुम्हाला? थांबा, ताप बघते.’
‘अगं, तसलं काही नाही बाई. वय झालं आता. बसलेय आपली.’

या चार ओळींत सुनेची काळजी खरी आहे आणि तिचा प्रश्नही त्या काळाला धरून योग्य आहे. तरीही काहीतरी निसटले आहे. सासूने एक दार किंचित उघडले होते. पलीकडून रोगाची चाहूल घेतली जाताच तिने ते लगबगीने लावून घेतले. तसे करण्यास तिला कारण होते. चव नाही असे म्हणणे म्हणजे चाचणी, विलगीकरण, कदाचित रुग्णालय आणि घरच्यांपासून ताटातूट. ज्या वाक्यात मन सांगता येत होते ते वाक्यच धोक्याचे झाले. परिणामी मनाची बोली एका परीने जप्त झाली, असे म्हणता येईल. मग उरले ते सर्वांना पटणारे आणि पुढील प्रश्न थांबविणारे एकच स्पष्टीकरण : ‘वय झालं’.

५. वाक्यरचनेतील माघार

वरील संवादातील शेवटचे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. ‘बसलेय आपली’ या प्रयोगातील ‘आपली’ हे येथे स्वामित्व दाखवीत नाही. काही विशेष हेतू नसताना, काही पर्याय नसताना, उगीच अशी छटा ते वाक्याला देते. ‘चाललंय आपलं’, ‘दिवस ढकलतोय’, ‘काय व्हायचंय आता’ या प्रयोगांचीही जातकुळी हीच आहे. त्यांत कर्ता एक तर निष्क्रिय असतो किंवा वाक्यातून नाहीसाच झालेला असतो.

भावना सांगताना मराठी वाक्य अनुभव घेणाऱ्याला सहसा कर्तेपद देत नाही. ‘मला वाईट वाटते’ या वाक्यात अनुभवणारा चतुर्थीत जातो. ‘मन लागत नाही’ या वाक्यात तर तो मुळीच नाही. तेथे मन हाच कर्ता आहे, आणि ते कोणाचे हे सांगण्याची गरज वाटलेली नाही. या रचना प्रत्येक मराठी भाषक वापरतो. तेव्हा केवळ त्यांच्या आधारे कोणाच्या मनःस्थितीविषयी अनुमान काढणे चुकीचे होईल. लक्ष द्यावयाचे ते बदलाकडे. जो माणूस एरवी ‘मी उद्या बँकेत जाणार आहे’, ‘मी त्याला सांगून टाकले’ अशी कर्तृत्वाची वाक्ये बोलत होता, त्याच्या बोलण्यातून ‘मी’ आणि भविष्यकाळ ही दोन्ही हळूहळू गळू लागली, तर तो बदल अर्थपूर्ण असतो. तो घरच्या माणसालाच प्रथम ऐकू येऊ शकतो.

मृत्यूविषयीच्या वाक्प्रचारांचीही अशीच गोष्ट आहे. ‘आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या’, ‘देवाने आता उचलावे’ अशी वाक्ये मराठी वृद्धांच्या बोलण्यात सहज येतात. त्यांत विनोद असतो, सराव असतो, कधी मायेची मागणीही असते. म्हणून ऐकणारे ती हसून सोडून देतात. साथीच्या काळात ‘आमचे आता काय, तुम्ही सांभाळा’ हे वाक्य त्यागाचे म्हणून कौतुकास पात्र झाले. परंतु त्याच वेळी आरोग्य विभागाच्या बातमीपत्रांत मृतांचे वय आणि सहव्याधी यांची रोज नोंद होत होती. तरुण वाचकाला ती नोंद दिलासा देणारी असे. घरातल्या वृद्धाला मात्र तिच्यातून, आपले मरण फारसे दखलपात्र नाही, असा अर्थ ऐकू येणे शक्य होते. अशा परिस्थितीत सरावाचे वाक्य केव्हा सरावाचे राहत नाही, हे ओळखण्याचा मार्ग एकच : हसण्यावारी न नेता, शांतपणे विचारणे. असे विचारल्याने नसलेला विचार मनात उत्पन्न होतो, ही समजूत निराधार आहे. विचारल्याने बोलण्यास वाट मिळते.

६. मराठी वाङ्मयातील वार्धक्य आणि साथीचा अनुभव

वृद्धाच्या दुःखाची मराठी वाचकाच्या मनातील प्रतिमा वाङ्मयाने घडविलेली आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात जरेचे जे विस्तृत वर्णन येते, त्यात देहाची पडझड अत्यंत प्रत्ययकारी उपमांनी उभी केली आहे. त्या वर्णनाचा हेतू मात्र वैराग्याचा आहे. म्हातारपण येण्यापूर्वीच माणसाने सावध व्हावे, हे त्यातून सांगावयाचे आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातही प्रपंचाच्या ओढाताणीतून दुःखापर्यंत पोचणारा माणूस बोधासाठीच उभा केलेला आहे. या दोन्ही ठिकाणी वृद्ध हा दृष्टांत आहे. त्याच्या तोंडून त्याचे मन ऐकणे हे त्या ग्रंथांचे प्रयोजन नव्हते.

वृद्धाला स्वतःचा आवाज मिळाला तो प्रामुख्याने आधुनिक नाटकात. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना देऊन टाकतात आणि निराधार होतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मधील नाना-नानींचा मुलगा परदेशी आहे. त्यांचे घर वाट पाहण्याने भरलेले आहे. दळवींच्याच ‘कालचक्र’मध्ये वृद्ध जोडपे स्वतःला दत्तक देऊ पाहते. या नाटकांचा मराठी मध्यमवर्गावर झालेला परिणाम मोठा आहे. त्यांनी वृद्धाच्या दुःखाला प्रतिष्ठा दिली. परंतु त्याचबरोबर त्या दुःखाचे एक ठरीव कारणही रूढ केले. वृद्ध दुःखी आहे, कारण मुले वाईट वागली किंवा दूर गेली, असे ते कारण होय. या नाटकांत आरोपी कोण हे प्रेक्षकाला कळते.

साथीचा अनुभव या साच्यात बसत नाही. २०२० मध्ये अनेक घरांत मुले पूर्वी कधी नव्हती इतकी घरी होती. नोकरीचे काम घरातूनच चालले होते. नातवंडांची शाळा शेजारच्या खोलीत भरत होती. काळजी घेतली जात होती, औषधे वेळेवर मिळत होती. तरीही म्हातारा माणूस एकटा पडत होता, कारण घरातल्या प्रत्येकाला काही काम होते आणि त्याला नव्हते. कोकणातील उदाहरण तर उलट दिशेचे आहे. गणपतीला येणारे चाकरमानी हा तेथील वृद्ध आई-वडिलांच्या वर्षाचा कळसाध्याय. २०२० च्या गणेशोत्सवात मुंबईहून येणाऱ्यांना दहा दिवस विलगीकरणात राहावे लागले. मुलाचे न येणे हे ‘संध्याछाया’तील दुःख. येथे मुलाच्या येण्यातच भय होते, आणि त्या भयाची लाजही होती. ज्या दुःखात कोणी अपराधी नाही, ते सांगणे अधिक कठीण असते. तक्रार करावी तर कोणाविरुद्ध? सगळे चांगले असताना आपल्यालाच बरे का वाटत नाही, या विचाराने वृद्ध स्वतःलाच दोष देऊ लागतो. आणि स्वतःला दोष देणे हेही नैराश्याचेच एक लक्षण आहे.

या अनुभवाच्या सर्वांत जवळ जाणारे पात्र शोधावयाचे तर ते महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील (१९८५) दादी होय. वाड्यात माणसे आहेत, हालचाल आहे, भांडणे आहेत. अंथरुणावरची दादी मात्र पुनःपुन्हा किती वाजले हे विचारीत राहते. कोणी सांगते, कोणी सांगत नाही. उत्तराने तिचे समाधान होत नाही, कारण तिचा प्रश्न घड्याळाचा नाही. दिवसाशी असलेला आपला धागा तुटला आहे, याची ती खूण आहे. दादीला कोणी घराबाहेर काढलेले नाही. ती घराच्या मध्यभागी आहे आणि तरीही काळाच्या बाहेर आहे. टाळेबंदीत ‘आज वार कोणता’ हा प्रश्न किती घरांतून विचारला गेला असेल, याची कल्पना दादीकडे पाहून येते. अर्थात असा प्रश्न स्मृतिभ्रंशाचाही द्योतक असू शकतो. वृद्धापकाळातील नैराश्य कधी कधी विसराळूपणाचा वेश घेऊन येते, त्यामुळे दोहोंची गल्लत होते. ती सोडविणे हे वैद्याचे काम आहे. प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो आहे, हे लक्षात येणे मात्र घरच्यांचे काम आहे.

७. वारी आणि समाचार

सामूहिक आचारांचा लोप हा या विषयाचा आणखी एक पैलू आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२२ मध्ये पायी वारी पूर्ववत सुरू झाली. वारीत चालणाऱ्यांत वृद्धांचे प्रमाण लक्षणीय असते. वारकऱ्याचे वर्ष एकादशीपासून एकादशीपर्यंत मोजले जाते. ज्याने तीस-चाळीस वर्षे वारी चुकविली नाही, त्याच्या दृष्टीने ती चुकणे म्हणजे एक प्रवास रद्द होणे नव्हे. आपण कोण आहोत, या प्रश्नाचे वर्षातून एकदा मिळणारे उत्तर त्याला मिळाले नाही. शिवाय उतारवयात पुढची वारी घडेल याची शाश्वती नसते. दोन वर्षे ही तरुणाच्या आयुष्यात दोन वर्षे असतात. ऐंशीच्या घरातील माणसाला ती कदाचित शेवटची चालती दोन वर्षे असतात.

शोकाच्या आचारांचेही असेच झाले. टाळेबंदीच्या आदेशाने अंत्ययात्रेस वीसहून अधिक माणसांना मनाई केली होती. मराठी समाजात मृत्यूनंतर समाचाराला येण्याची रीत आहे. येणारा प्रत्येक जण ‘कसे झाले?’ असे विचारतो, आणि घरातील माणूस तीच हकीकत दहा वेळा, वीस वेळा सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही पुनरुक्ती निरर्थक वाटेल. पण सांगता सांगता घटना माणसाच्या अंगवळणी पडते. दहाव्याला, तेराव्याला जमलेले नातलग त्या हकीकतीला साक्षीदार मिळवून देतात. साथीच्या काळात पन्नास वर्षांचा जोडीदार गमावलेल्या कित्येकांना ही हकीकत सांगण्यास श्रोता मिळाला नाही. रुग्णालयात गेलेले माणूस पुन्हा दिसलेच नाही, तर सांगण्यासाठी हकीकतही अपुरी राहिली. शोक हा आजार नव्हे. मात्र ज्याला वाट मिळत नाही असा शोक दीर्घकाळ साचून राहिला, तर त्याचे नैराश्यात रूपांतर होण्याचा संभव वाढतो. ‘समाचार’ या शब्दाचा मराठीतील हा अर्थ किती उपयुक्त सामाजिक यंत्रणेकडे निर्देश करतो, हे ती यंत्रणा थांबल्यावर ध्यानात आले.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. वृद्धांचे नैराश्य मराठीत मुके नाही. ते बोलते, पण विरक्तीच्या, देहाच्या आणि वयाच्या भाषेत बोलते. ऐकणारा त्या भाषेचा वाच्यार्थ घेतो आणि तेथेच थांबतो. साथीने अलिप्ततेला कर्तव्य ठरवून, देहाच्या भाषेला संसर्गाची भाषा ठरवून आणि समाचारासारखे आचार थांबवून हे थांबणे अधिक पक्के केले. रूढ वाङ्मयीन प्रतिमेने कृतघ्न मुलाचा शोध घेण्याची सवय लावली असल्याने, अपराधी नसलेले हे दुःख ओळखण्यास वाङ्मयाचा संस्कारही पुरेसा उपयोगी पडला नाही.

नैराश्य हा वार्धक्याचा अटळ भाग नाही. तो उपचारांनी बरा होऊ शकणारा विकार आहे, आणि हे उतारवयातही तितकेच खरे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवा सुरू केली. प्रादेशिक भाषांतून बोलण्याची सोय हा तिचा गाभा आहे. पण दूरध्वनी करण्यापूर्वी आपल्याला किंवा आपल्या माणसाला त्याची गरज आहे, हे कोणाला तरी कळावे लागते. ते कळणे शब्दांच्या पारखीवर अवलंबून आहे.

साथीच्या वर्षांतील दैनंदिन्या, पत्रे, आठवणी आणि कथात्मक लेखन पुढील काळात अभ्यासकांच्या हाती येत राहील. त्यातील वृद्धांचे लेखन वाचताना मुलांनी सांभाळले की नाही, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. ‘मी’ कोठे गळला, भविष्यकाळ कोठे संपला, चव आणि झोप यांचे उल्लेख कोठे वाढले, कोणती हकीकत सांगावयाची राहून गेली, हेही पाहावे लागेल. वर्गात हे वाचन शिकलेल्या विद्यार्थ्याच्या घरीही बहुधा कोणी आजी-आजोबा असतात. ‘मन लागत नाही’ हे वाक्य त्याला तेथे ऐकू आले, तर ‘वय झालं’ या उत्तरावर न थांबता ‘केव्हापासून?’ असा पुढचा प्रश्न त्याने विचारावा. ‘लासी’च्या दोन आकड्यांमधील अंतर कमी होण्याची सुरुवात त्या एका प्रश्नाने होऊ शकते.